बाई नसतानाचं पाणी

आमच्या गावात कुणी पाणी वाया घालवताना माझ्या बायकोने आजवर पाहिलेलं नव्हतं. हे वाक्य अक्षरशः खरं आहे, आणि सगळी अडचण त्यातच होती.

माझी बायको म्हणजे बाई. गावातल्या एकुलत्या एक शाळेत तिने हयात घालवली, निम्मी शिक्षिका म्हणून आणि निम्मी मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळे गावात दोनच जातीची माणसं उरली: बाईंच्या हाताखालून गेलेली, आणि त्यांची मुलं, जी पुन्हा बाईंच्याच हाताखालून गेली. मी बाहेरचा. टेलिफोन खात्यात बदलीवर आलो होतो, म्हणजे वाचलो असतो. पण लग्न करून बसलो. गावात मला ‘बाईंचे’ म्हणतात. बाईंचे कोण, ते कुणी पुढे बोलत नाही.

हिने गावाला पाढे शिकवले, नद्या-डोंगर शिकवले, ते लोक विसरले. विसरले नाहीत ते एकच: पाणी. हात ओले करा, नळ बंद. साबण लावा, चोळा, मग नळ. दात घासताना नळ सोडणाऱ्याने वर्गाबाहेर उभं राहून ‘मी नळ बंद करीन’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. गावचा न्हावी आता आजोबा झाला आहे, पण बाई रस्त्याने येताना दिसल्या की अजूनही दाढीची वाटी गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे सरकवतो. वाटीत चमचाभर पाणी जास्त असेल तर काय घ्या!

निवृत्तीनंतर गावाने तिला गावसमितीची अध्यक्ष केली. बिनविरोध. तिच्या विरुद्ध उभं राहायची सवय गावात कुणाला होती? उभं राहायची होती, पण ती बाकावर.

तोवर गाव वाढलं होतं. जुनं गाव खाली, विहिरीभोवती, आणि विहिरीशेजारी पाण्याची जुनी टाकी. पुढे मोठ्या रस्त्याला फळं पेटीत भरायचा कारखाना निघाला, कामाला माणसं आली, इथल्या घरांतली भावंडंही वेगळी निघाली, आणि उतारावर नवी वस्ती चढत गेली. नळाचे पाइप तिच्या मागोमाग चढले. पाणी मात्र खालीच राहिलं. वरच्या वस्तीत सकाळी नळ उघडला की तो म्हाताऱ्यासारखा खोकायचा, आणि खोकून झालं की गप्प बसायचा.

वरच्या वस्तीत आमचा मुलगा आणि सून राहतात. मुलगा सुतार, घरामागेच त्याची शेड. सून खालच्या दवाखान्यात नर्स. एक दिवसाआड टँकर यायचा, पिंपं भरून जायचा. मधल्या दिवशी सून स्कूटरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून चढ चढायची. तिला दिवस गेल्यावर हिने आधी आनंदाने डोळे पुसले आणि मग कॅनकडे बघितलं. सून हसून म्हणाली, “आई, मूल यायच्या आत वर पाणी येणार असं पक्कं कळलं तर आम्ही थांबू. नाहीतर शहरात माझ्या मावशीच्या शेजारी दोन खोल्या बघून ठेवल्यात.”

नर्स माणसं सगळंच हसून सांगतात. सुईसुद्धा हसूनच टोचतात.

त्या दिवसापासून हिने पाणी खात्याचा पिच्छा पुरवला. खात्याने अखेर एक इंजिनीअर पाठवली. वयाने आमच्या सुनेएवढी, पायात जाड बूट, आणि चेहरा असा, की ही पोरगी वर्गात पहिल्या बाकावर बसत असणार हे हिने दारातच ओळखलं. चहा घेता घेता इंजिनीअर म्हणाली, “टाकी आजच्या लोकांसाठी बांधत नाहीत. पुढच्या तीस वर्षांत इथे जेवढी माणसं असतील, तेवढ्यांसाठी बांधतात.”

“म्हणजे जी अजून जन्मली नाहीत ती?”

“मुख्यतः तीच.”

हिने सुनेकडे बघितलं. सुनेने पोटावरून हात फिरवला, खात्याच्या वतीने पोच दिल्यासारखा.

“आज माणशी पाणी किती लागतं ते मोजायचं आणि पुढच्या माणसांनी गुणायचं,” इंजिनीअर म्हणाली. “खालच्या टाकीच्या पाइपवर मी यंत्र बसवते. आठवडाभर राहील. तुम्ही काही करायचं नाही. लोकांना नेहमीसारखं वागू द्या.”

‘तुम्ही काही करायचं नाही’ हे आमच्या हिला सांगून बघणारी ती पहिलीच.

संध्याकाळी हिने समितीचा भोंगा हातात घेतला. “ऐका! उद्यापासून आपल्या गावाच्या पाण्याची मोजणी आहे. बाहेरून मॅडम आल्या आहेत. गावाची मान खाली जाईल असं कुणी वागू नये!”

भोंगा बंद झाला आणि गावाला शाळेतली तपासणी आठवली. साहेब येणार म्हटलं की सगळं ठरलेलं असायचं. नखं कापायची, गुंड्या लावायच्या, ओरडायचं नाही, आणि सगळ्यात कच्ची मुलं पुस्तकांची धूळ झटकायला आतल्या खोलीत पाठवायची. बाहेरचा माणूस मोजायला आला की आपण असू त्याहून बरं दिसायचं असतं, एवढं तर शाळेने सगळ्यांना शिकवलं होतं.

आणि गाव बरं दिसायला लागलं. लाँड्रीवाल्याचं मशीन मोजणीच्या पहिल्याच सकाळी बिघडलं. चहावाला कागदी कप घेऊन आला. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू रोज उठून दारापुढचा रस्ता धूत असत, म्हणजे बाई उठायच्या आधी धूत असत, त्यांनी कोरडा झाडू घेतला. लोक धुण्याची गाठोडी बांधून शेजारच्या गावी नातलगांकडे निघाले. बसचा कंडक्टर मला म्हणाला, “काय हो बाईंचे, गाव उठवताय का?”

आठवड्याने समितीच्या खोलीत इंजिनीअरने यंत्राचा आकडा बघितला, काच पुसली, पुन्हा बघितला.

“इतकं कमी पाणी वापरणारं गाव मी आजवर पाहिलं नाही.”

हिचा चेहरा असा उजळला, की लग्नातले फोटो परत काढून घ्यावेत असं मला वाटलं. शेजारी बसलेला न्हावी गावाच्या वतीने लाजला.

“त्यामुळे नवी टाकी लागणार नाही,” इंजिनीअर म्हणाली. “ह्या बेताने तीस वर्षांनंतरची माणसंसुद्धा जुन्या टाकीत भागतात.”

“आणि वरच्या वस्तीला?”

“वर पाणी चढवायचं तर वर टाकी हवी. वर टाकी मंजूर व्हायची तर गावाची गरज दिसायला हवी. ती तर दिसतच नाही. टँकर आहेच.”

मग ही म्हणाली, “अजून एकदा मोजा.”

“आणखी एकच आठवडा यंत्र इथे आहे. मग ते दुसरीकडे जातं. तेवढ्यात जे दिसेल ते मी कळवीन.”

हिने त्याच संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. सगळे आले आणि मागच्या रांगेपासून बसत आले. ही उभी राहिली. घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज जरा अडखळला.

“ह्या आठवड्यात,” ती म्हणाली, “सगळ्यांनी भरपूर पाणी वापरायचं आहे.”

टाचणी पडली असती तर ती टाचणीसुद्धा घाबरली असती.

लाँड्रीवाल्याने हात वर केला. “बाई, भरपूर म्हणजे किती?”

“नेहमी वापरता तितकं.”

“नेहमी आम्ही एवढंच वापरतो, बाई.”

“हो, बाई!” सगळा हॉल सुरात म्हणाला.

“खरं सांगा. मी रागावणार नाही.”

हे वाक्य त्या हॉलने पूर्वी ऐकलेलं होतं. त्यानंतर काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

“पाणी म्हणजे जीवन, बाई,” न्हावी उठून म्हणाला.

“बस खाली.”

बाहेर पडताना कुणीतरी दबक्या आवाजात बोललेलं मी ऐकलं: “फसू नका रे. तोंडी परीक्षा चाललीय.”

दोन दिवसांनी इंजिनीअर आमच्या दारात आली. “अहो बाई, आकडा आणखी उतरलाय. लोक पाणी पितात तरी का?”

त्या दुपारी सून आणि मुलगा खाली जेवायला आले होते. सुनेने ताटातून वर न बघता सांगितलं, “आई, तुम्ही गावाला जा.”

“आत्ता? कुठे?”

“कुठेही. बहिणीकडे जा. तुम्ही इथे आहात तोवर लोक तोंड धुणार नाहीत.”

“हे बघ, माझी मुलं मी ओळखते. ती मागे एक आणि पुढे एक अशी नाहीत. मी असले काय आणि नसले काय.”

मुलगा ताटात काहीतरी शोधायला लागला. मी पंख्याची पाती मोजली.

“मग जायला काय हरकत आहे?” सून म्हणाली. “नसलात तरी ती तशीच वागतील.”

आजवर पोरांना हिने अशाच कोपऱ्यात गाठलं होतं. तिथून बाहेर पडायला वाट नसते हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? गेली नाही तर मुलगा-सून गावातून जाणार. गेली आणि गाव बदललं, तर सगळ्या आयुष्याचं शिकवणं फक्त तिच्या डोळ्यांपुरतं होतं असं ठरणार. जेवण झाल्यावर ती बराच वेळ हात धूत होती. म्हणजे नळ बंदच होता, नुसतीच हात चोळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला आम्ही दोघं निघालो. बॅग मुद्दाम मोठी घेतली. “मेहुणीकडे चाललोय,” असं मी प्रत्येकाला, न विचारता, सांगत गेलो. न्हावी दुकानाबाहेर येऊन हात हलवत होता. “सावकाश या, बाई! घाई करू नका!” त्याच्या आवाजात एवढी माया मी पूर्वी ऐकली नव्हती.

पुढच्या थांब्याला ही उभी राहिली. “उतरा.”

“अगं, तुझ्या बहिणीला फोन केलाय मी.”

“तिला सांगा, कुणी विचारलं तर पोचलो म्हण. मला बघायचंय.”

खडी फोडायच्या खाणीमागून एक पायवाट येते. तिने आम्ही धुळीने माखत मुलाच्या घराच्या मागच्या दाराला लागलो. सून ड्यूटीवर निघायच्या बेतात होती. तिने आम्हाला बघितलं, कपाळावर हात मारला, आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढला.

त्या खिडकीतून खालचं गाव हाताच्या तळव्यासारखं दिसतं. हिला लांबचं आजही स्वच्छ दिसतं. शेवटच्या बाकावर काय चाललंय ते बघण्यात डोळे तयार झालेले. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

आधी कोपऱ्यावरच्या काकू आल्या. हातात नळी. त्यांनी अंगण धुतलं, मग रस्ता, मग शेजाऱ्यांची भिंत, आणि मन भरलं नाही म्हणून पुन्हा अंगण. लाँड्रीवाल्याचं मशीन बरं झालं, त्याचा धूसर फेस गटारातून नाचत निघाला. चहावाल्याने काचेचे ग्लास काढले आणि धारेखाली एकेक असा विसळला, जणू परदेशी पाठवायचाय. न्हाव्याच्या दुकानामागे टबात तिघंजण पाय सोडून बसले होते, पाठमोरे.

“ते कोण?” मी विचारलं.

“न्हावी, त्याचा चुलतभाऊ आणि गिरणीवाला.”

“पाठीवरून कळलं?”

“भिंतीकडे तोंड करून उभं केल्यावर पाठीच दिसतात,” ती म्हणाली. “नळ बंद करायला सांगा कुणीतरी त्याला!”

“कोण सांगणार, आई?” सून चपला घालता घालता म्हणाली. “तुम्ही तर बहिणीकडे आहात.”

खाणीची धूळ धुवायला ही मोरीत गेली. पिंपातून एक तांब्या घेतला, पायावर ओतला, दुसरा घ्यायला वाकली. सुनेने हळूच तांब्या हातातून काढून घेतला. “पायाला ते बाजूचं घ्या. भाजी धुतलेलं. आणि खाली घमेलं ठेवा, ते झाडांना जाईल.” आमच्या हिला पाण्याबद्दल कुणी काही शिकवतंय, हे दृश्य बघायला मी लग्नापासून थांबलो होतो. तिने घमेलं ठेवलं. निमूट.

दुपारी टँकर आला. टँकरवाल्याला सगळं गाव नगारा म्हणतं. हे नाव त्याला बाईंनीच दुसरीत दिलं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. कानात घातलं की तोंडातून वाजतं. तो गुणगुणत मागच्या अंगणात आला, पाइप पिंपात सोडला, वर बघितलं आणि दारात बाई. पाइप हातातून सुटला. पाणी अंगणभर झालं. हिने झेप घेऊन पाइप पकडला आणि पिंपात घातला. पन्नाशीचा गडी टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

“बाई! तुम्ही तर बहिणीकडे...”

“हळू बोल. मी बहिणीकडेच आहे. ऐक.” तिने त्याला सगळं सांगितलं: मोजणी, टाकी, सून, शहरातल्या खोल्या. मग तिने जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. तिने विद्यार्थ्यापुढे हात जोडले. “गावात कळलं तर नळ पुन्हा बंद होतील. एवढं पोटात ठेवशील ना रे?”

नगाऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला.

“नाही, बाई.”

“प्रयत्न तर कर.”

“प्रयत्न करीन हो. पण मला माझं माहीत आहे ना! उतार उतरेपर्यंत राहील. चहावाल्यापाशी गाडी हळू होते, तिथे निसटेल.” त्याने टँकरकडे बघितलं, खाली गावाकडे बघितलं, आणि ओट्यावर बसकण मारली. “मी इथंच थांबतो. टँकर भरलेला आहे, वस्ती पुरवून वापरेल.”

“किती वेळ?”

“मोजणी संपेपर्यंत. दुसरा उपाय नाही, बाई. मीच तो.”

“आणि टाकी झाल्यावर तुझ्या टँकरचं काय?” मी विचारलं.

“काका, ह्या चढावर क्लच बदलून बदलून मी म्हातारा झालो. टँकर ओढणारा हा ट्रॅक्टर शेतात घालीन. सपाट शेतात!”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा. त्याने फोन निखारा असल्यासारखा दूर धरला. “घेतला तर सांगून टाकीन,” तो कुजबुजला. मुलगा शेडमधून भुसा झटकत आला आणि त्याने फोन घेतला. “हो वहिनी, इथेच आहे. गाडीखाली आहे. टँकर पंक्चर झालाय.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मुलाने आमच्याकडे बघितलं. ज्या बाईने खोटं बोलल्याबद्दल अर्ध्या गावाचे कान पिळले होते, तिने दोन बोटं वर केली.

“दोन्ही चाकं, वहिनी,” मुलगा म्हणाला.

उरलेले दिवस आम्ही असे काढले: मुलगा आणि नगारा शेडमध्ये टेबलाचे पाय घासायचे, सून ड्यूटीवरून येऊन दवाखान्यातल्या बातम्या द्यायची, आणि ही खिडकीत. नगारा मधूनमधून येऊन तिला खालच्या चित्राचं समालोचन ऐकवायचा. पोटातलं कुठेतरी काढायला हवंच होतं, तर बाईंपाशीच निघत होतं.

“तो कोण रे, गाडी धुतोय तो? चकाचक तर आहे गाडी.”

“तो ना? रोज धुतो, बाई. तुम्ही समितीच्या मीटिंगला गेलात की.”

“आणि त्या गच्चीवर?”

“त्या गच्ची थंड करतात. तुम्ही बाजाराला गेलात की.”

“माझा दिनक्रम गावाला पाठ आहे म्हणजे.”

“पाठांतर तुम्हीच करून घेतलं ना, बाई.”

नगारा शेडमध्ये गेल्यावर ती माझ्याकडे वळली. “अहो, म्हणजे इतकी वर्षं मी केलं काय?”

“तू बघत होतीस तेव्हा वाचलेलं पाणी खरंच वाचलं,” मी म्हणालो. “आणि तुझं बघणं काही थोडंथोडकं नाही.”

ती हसली नाही, पण खुर्ची तिने जरा माझ्याकडे सरकवली.

शेवटच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी गाव झोपलं होतं, रस्ते रिकामे. आणि शाळेच्या आवारातला नळ वाहत होता. जवळ कुणी नव्हतं. कुणी पीत नव्हतं, धूत नव्हतं. पाणी पायऱ्यांवरून एकेक करून उतरत फाटकाबाहेर चाललं होतं, शाळा सुटल्यासारखं.

ही उभी राहिली. चपला घातल्या.

“आई,” सून म्हणाली.

“बाकीचं मी गिळलं. ते वापर तरी होता. हे नुसतं वाया जातंय. आणि माझ्या शाळेत!” ती दारापर्यंत पोचली. “मी बंद करून येते. कुणी बघणार नाही.”

“खिडकीतून तू गाव बघतेस, तशी गावालाही खिडकी आहे,” मी म्हणालो.

सून दारात उभी राहिली. अडवलं नाही तिने, नुसती उभी राहिली. पण त्या दिवसांत ती नुसती उभी राहिली तरी दार भरायचं. तिने नगाऱ्याला विचारलं, “तो नळ नेहमी असाच वाहतो का हो?”

“दर सुट्टीला, वहिनी. चावी झिजलीय. बाई निघालेल्या दिसल्या की कुणीतरी पळत जाऊन वर दगड बांधतं.”

“मॅडम काय म्हणाल्या होत्या, आई? नेहमीसारखं.”

ही तशीच उभी. खाली पाणी वाहत होतं. दारात सून होती, आणि सुनेच्या आत तीस वर्षांच्या हिशेबातलं पहिलं माणूस. कितीतरी वेळाने हिने चपला काढल्या. खिडकीपाशी गेली, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि गावाकडे पाठ करून बसली. संध्याकाळपर्यंत ती तशीच भिंतीकडे तोंड करून होती. नगारा तिच्याकडे बघत होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनीअर जागा बघायला वर आली, शेडमागचं मैदान पावलांनी मापलं, आणि पाणी मागायला मुलाच्या दारात उभी राहिली.

“बाई? तुम्ही तर बहिणीकडे आहात असं लोक म्हणाले.”

“आहेच मी तिथे. आकडा काय आला?”

“आकडा आता माणसांच्या गावासारखा आहे. मंजुरीला पाठवतेय. टाकी इथे, शेडच्या मागे. मी शब्द देते, हे अडणार नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “फक्त लगेच नाही होणार. पाणी येईल तेव्हा बाळ रांगत असेल.”

“माणशी किती लागलं?” हिने विचारलं.

इंजिनीअरने सांगितलं. हिने डोळे मिटले, एकेकाचं नाव घेत असावी, आणि पुन्हा उघडले.

“बरं,” ती म्हणाली. एवढंच.

इंजिनीअर गेली. नगाऱ्याला सुट्टी झाली. तो टँकर सुरू करून बोंबलतच उतार उतरला, आणि चहावाल्यापाशी गाडी खरोखरच हळू झाली. आम्ही सगळे सुनेकडे बघत होतो.

“रांगेपर्यंत टँकर चालेल,” सून म्हणाली. “कॅन ह्याला आणू दे. थांबतो आम्ही.”

हिने पुढे होऊन तिचा हात धरला.

“पण एक अट आहे, आई. नळाला पाणी आलं की पहिला महिना तुम्ही वर यायचं नाही.”

“नातवंडाला बघायला?”

“त्याला रोज खाली घेऊन येऊ. पण नळापाशी तुम्ही नको. मला नळ सोडायचाय आणि नुसतं उभं राहायचंय. बघत.”

“किती वेळ?”

“मनाला येईल तितका.”

हिच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. मुलाने फोन काढला आणि सुनेच्या शहरातल्या मावशीला सांगितलं की खोल्या नकोत, दुसऱ्या कुणाला देऊन टाका. त्याने फोन ठेवला.

“पंधरा दिवस,” ही म्हणाली.

“महिना, आई.”

“खाली बादली तरी ठेवशील?”

“आई!”

“बरं, बरं. महिना.” तिने खुर्ची पुन्हा सरळ केली, बॅग उचलली, आणि मला म्हणाली, “चला. बहिणीकडून परत यायला हवं. येताना जरा हळू चाला, भोंग्याने सांगितल्यासारखं सगळ्यांना कळू दे. तेवढ्यात बिचारे नळ बंद करतील.”